नोंदीबाहेरचे चौदा डबे

मला एक नोंद पुसायची आहे. ती कंपनी सोडून मला चार वर्षं झाली, तिथला माझा पासवर्ड केव्हाच बंद झाला असेल, तरी भाजी चिरताना नाहीतर रिक्षाच्या रांगेत उभी असताना मी मनातल्या मनात ते पान उघडत असते. आधी साठा, मग फेरफार, मग तारीख. दसऱ्याची तारीख. ती पुसता येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. सिस्टिममधलं काहीही पुसता येत नाही, हे मीच चाळीस माणसांना समोर बसवून शिकवलं होतं, आणि तेही काय ऐटीत.

आमची कंपनी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये होती. पाण्याचे पंप बनवायची आणि बिघडलेले दुरुस्त करून द्यायची. गृहसंकुलं, कारखाने, हॉस्पिटलं, सगळीकडे आमचे पंप. मी खरेदी विभागात होते. आंबिवलीहून सकाळी निघायचं, ठाण्याला उतरून खोपटमार्गे पुढे जायचं, आणि दिवसभर पुरवठादारांशी भांडायचं, अशी अकरा वर्षं काढली. भांडण मला चांगलं जमतं. ऐकून घेणं जमत नाही, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

सुट्या भागांच्या गोदामाला आम्ही स्टोअर म्हणायचो. स्टोअर काकांकडे होतं. वय सत्तावन्न, नोकरी एकतीस वर्षांची. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. वडील मिठागरावर राबलेले, शेती थोडी. आता त्या शेतावर इमारती झाल्या होत्या आणि त्यातल्या दोन काकांच्या घरच्या होत्या. म्हणजे पोटासाठी नोकरी करायची त्यांना काही गरज नव्हती. तरी साडेआठच्या ठोक्याला ते स्टोअरचं कुलूप काढत. एकदा मी विचारलं होतं, काका, आता घरी आराम का करत नाही? तर म्हणाले, घरी माझ्याकडे कोण काय मागायला येतंय?

खरं म्हणजे येत होते. गावकीची भांडी त्यांच्याकडे असायची. लग्नाला, पूजेला, उत्तरकार्याला लागणारी मोठी पातेली, परात, झारे, पाण्याची पिंपं, सगळं गावाच्या मालकीचं. ते एका घरात ठेवायचं आणि ज्याच्याकडे कार्य असेल त्याला मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं. हे काम गाव वाटेल त्याला देत नाही. काकांच्या आधी ते त्यांच्या वडिलांकडे होतं. त्या खोलीची किल्ली काकांच्या करगोट्याला असायची आणि स्टोअरची किल्ली खिशात. दोन किल्ल्यांमधला मान कुठला मोठा, हे न विचारता कळायचं.

मग कंपनीत सिस्टिम आली.

मी तिला शिव्या घालणार नाही. सिस्टिम येण्याआधी आमच्याकडे आनंदीआनंद होता. एकच बेअरिंग मी मागवायचे आणि मागच्या दाराने उत्पादनवालेही मागवायचे. गिऱ्हाइकाला आम्ही पंप तयार आहे म्हणून सांगायचो आणि त्याचं ओतीव काम कोल्हापुरातून निघालेलंसुद्धा नसायचं. कुणाला विचारावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. सिस्टिम आल्यावर ऑर्डर घेणारा, माल मागवणारा, माल देणारा आणि पंप पाठवणारा, सगळे एकाच पडद्यावर एकच आकडा बघायला लागले. मला ते फार आवडलं. इतकी वर्षं ओरडून जे मिळत नव्हतं ते एका बटणावर मिळायला लागलं. मॅनेजरनी मला आमच्या बाजूची प्रमुख केलं, सिस्टिम बसवणाऱ्या कंपनीच्या मॅडमनी महिनाभर शिकवलं, आणि माझं शहाणपण उतू चाललं.

स्टोअरचा साठा भरायचं काम मी आणि काकांनी मिळून केलं. सात आठवडे. ते रॅकवरून सांगायचे, मी टाकायचे. कुठली वस्तू कुठे आहे ते त्यांना वहीत बघावं लागत नव्हतं. मात्र एका रॅकच्या खालच्या फळीला पोत्याचा पडदा होता, त्याच्यापुढे आलो की ते म्हणायचे, हे राहू दे. मी राहू दिलं. साठा भरून झाला, मॅडमनी तो गोठवला, म्हणजे यापुढे त्यात काही वाढवायचं तर कारण देऊन फेरफार करायचा.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. लेथला, ड्रिलला हळदकुंकू, झेंडूचे हार. त्या वर्षी सर्व्हरच्या कपाटालाही हार घातला होता आणि त्याचा पंखा बंद पडू नये म्हणून मॅनेजर स्वतः फुलं बाजूला सारत होते. मी हसत हसत स्टोअरमध्ये गेले, तर काकांनी पोत्याचा पडदा वर केला होता. आत बिस्किटांचे पत्र्याचे जुने डबे. चौदा. प्रत्येक डब्याला कुंकवाचं बोट लावत होते.

त्यांनी एक डबा उघडून दाखवला. आत पंपाची सील, बुश, लहान बेअरिंगं, एकेक नग ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कामावर गेलेला फिटर तीन सील घेऊन जायचा, दोन लागायची, तिसरं परत आणायचा. वहीत तिन्ही खर्ची पडलेली. ते तिसरं काका डब्यात टाकायचे. एकतीस वर्षं. पुरवठादार बंद, दिवाळीची सुट्टी, कुठल्या तरी हॉस्पिटलचं पाणी बंद, वहीत साठा शून्य, अशा वेळी फिटर काकांपुढे येऊन उभा राहायचा आणि काका पडद्यामागे हात घालायचे. काकांकडे मिळेल, हे वाक्य आमच्या कंपनीत मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. ते कुठून मिळतं हे मात्र कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

त्यांनी सांगितलं की मिठागरावर रास उचलताना त्यांचे वडील तळाचं मीठ उचलू देत नसत. व्यापारी मोजून नेऊ दे, पण तळाचं ठेवायचं. पुढची रास त्याच्यावर चढते. हे डबे त्यांच्या लेखी तेच होतं.

मी म्हटलं, काका, हे सिस्टिममध्ये टाकूया.

"नको बाय," ते म्हणाले. "तिला ठावं झालं की ती खाऊन टाकल. जे दिसतं ते उरत नाय."

मला वाटलं, जुनी माणसं, भितात. मी विषय सोडला असं त्यांना वाटलं असेल. मी सोडला नव्हता.

त्या दिवसांत स्टोअरमधली काकांची नोकरी कमी करणार अशी कुजबुज होती. सिस्टिम आल्यावर इतका अनुभवी माणूस कशाला, एखादा नवा मुलगाही स्कॅन करेल, असं मॅनेजर जेवणाच्या टेबलावर बोलून गेले होते. माझ्या डोक्यात आलं की या माणसाने कंपनीसाठी काय जपून ठेवलंय ते एकदा पडद्यावर दिसू दे, मग बघू कोण त्यांना हात लावतं. हे खरं आहे. पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मॅडम म्हणाल्या होत्या, ज्या कंपनीत नोंदीबाहेर एकही वस्तू नाही अशी कंपनी अजून मी पाहिली नाही. मला ती कंपनी आमची व्हायला हवी होती.

दसऱ्याला काका गावी होते, देवळात त्यांच्या घरची पूजा असायची. अर्धा दिवस कामाचा होता. मी पडदा वर केला, चौदा डबे खाली उतरवले आणि नग मोजले. दोनशेच्या वर निघाले. काही इतके जुने की गुंडाळलेल्या कागदावर बाजारातून गेलेल्या साबणांच्या जाहिराती होत्या.

फेरफाराला कारण लागतं. कारण आपल्या मनाने लिहायचं नाही, खाली उघडणाऱ्या यादीतून निवडायचं. यादीत पाच कारणं होती. मोजणीतली चूक: ती मॅनेजरच्या मंजुरीशिवाय होत नव्हती आणि ते सुट्टीवर. खराब माल: नव्हता. पुरवठादाराकडून जास्तीचा आलेला: नव्हता. कामावरून परत आलेला: हे बरोबर होतं, पण त्याला मूळ कामाचा क्रमांक टाकावा लागायचा, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या कामाचा क्रमांक कोण देणार? राहिलं पाचवं. नोंदीबाहेर सापडलेला माल. ते निवडलं की पुढचा चौकोन उघडायचा, कोणाकडे सापडला. तो रिकामा सोडता येत नव्हता. मी काकांचा कर्मचारी क्रमांक टाकला.

सगळ्यांसाठी जपून ठेवलेलं, असं कारण त्या यादीत नव्हतं. यादी बनवणाऱ्याला असं काही असतं हे माहीत नसणार, त्याचा काय दोष? मला माहीत होतं. मी तरी पाचवं कारण निवडलं, दोनशेच्या वर वेळा, आणि निवडताना मला आनंद होत होता. घरी जाताना टेंभी नाक्यावर उतरून देवीचं दर्शन घेतलं. आपट्याचं पान काकांसाठी वेगळं पर्समध्ये ठेवलं.

चार दिवसांनी सिस्टिमने आपण होऊन पहिला अहवाल पाठवला. मालकांना, मॅनेजरना आणि बाहेरच्या तपासनिसाला. आठवड्यातल्या नेहमीपेक्षा वेगळ्या नोंदी, असा तो अहवाल. त्यात एकाच माणसाच्या नावापुढे दोनशेच्या वर ओळी होत्या, सगळ्या लाल.

मॅनेजरनी काकांना बोलावलं तेव्हा मी केबिनच्या काचेच्या या बाजूला होते. त्यांनी विचारलं, हा माल तुमच्याकडे होता का? काका हो म्हणाले. वहीत होता का? नाही म्हणाले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी आत गेले आणि सांगितलं की मी टाकलंय, मला न विचारता कोणी काही ठरवू नका. मॅनेजर शांतपणे म्हणाले, तुम्ही तर बरोबरच केलंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी खरं सांगितलं. त्या शाबासकीने मला उभ्या जागी मेल्यासारखं झालं.

काका खुर्चीवर बसले नव्हते. उभ्यानेच म्हणाले, "घालवायचं तर घालवा साहेब. पन कागदावर चोर लिवू नका. गावची भांडी हायत माज्याकडं."

मॅनेजरनी मान हलवली, बघू म्हणाले. चौकशी होईपर्यंत काकांना घरी बसायला सांगितलं. स्टोअरची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. ती ठेवताना दुसरा हात कमरेच्या किल्लीवर गेला होता, ते मी पाहिलं. त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच गोष्ट उरली, तो एक शब्द कागदावर येऊ द्यायचा नाही.

दारापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. माफी मागायची होती. ते म्हणाले, डब्यांना पाणी लागू देऊ नको, खालच्या फळीला ओल येते. मी रडले तेव्हा ते निघून गेले होते.

मग मी जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मला वाटलं, नोंद उलटवावी. मला तेवढा अधिकार होता. दुपारी जेवायला सगळे बाहेर गेल्यावर मी एकेक ओळ उलटवली. दोन तास लागले, मधे मधे कुठली ओळ झाली आणि कुठली नाही तेच कळेना. शेवटी साठा पुन्हा पहिल्या आकड्यावर आला आणि मी देवाचे आभार मानले.

देवाचे आभार मानायची घाई झाली. सिस्टिम उलटवलेली नोंद खोडत नाही, दुसरी नोंद करते. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात तोच क्रमांक आला, तोच माल आला, आणि पुढे लिहिलं होतं, बाहेर गेला. म्हणजे काकांकडे माल सापडला आणि काका घरी बसलेले असताना तो त्यांच्याच नावावर पुन्हा नाहीसा झाला. मी मॅनेजरना हात धरून स्टोअरमध्ये नेलं, पडदा वर केला, डबे दाखवले. त्यांनी ते पाहिले. म्हणाले, "माल इथे आहे हो मॅडम, मला दिसतंय. पण सिस्टिममध्ये तो दोनदा हललाय. मी वर काय दाखवू? डबे घेऊन जाऊ?"

मी म्हटलं, हो, घेऊन जा. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

चौकशीला तीन माणसं बसणार होती. मी ठरवलं, साक्षीदार उभे करायचे. ज्यांनी ज्यांनी पडद्यामागचा नग नेला होता ते सगळे मला माहीत होते. हेड फिटर तर वीस वर्षं काकांच्या जिवावर सुट्टीच्या दिवसांची कामं उरकत आलेला. त्याला मी गाठलं आणि म्हटलं, एवढंच सांग, की तू तिथून नग नेलास आणि ते कंपनीच्या कामाला लागले. त्याने हातातला पाना खाली ठेवला, पुसला, परत उचलला. म्हणाला, "मॅडम, मी सांगेन, पण मग माझा पण नंबर टाकतील ना त्याच्यात?"

मी नाही म्हणू शकले नाही. टाकलाच असता. त्यानंतर मी सहा जणांकडे गेले. कोणी वाईट बोललं नाही. सगळे काकांबद्दल चांगलंच बोलले, आणि सगळ्यांना चौकशीच्या दिवशी बाहेरगावचं काम निघालं. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. पण मी तरी काय वेगळं केलं होतं? त्यांनी आपला नंबर वाचवला. मी माझ्या हाताने दुसऱ्याचा दिला.

चौकशीत मी तासभर बोलले. यादीत पाच कारणं होती, सहावं नव्हतं, हे चार वेळा सांगितलं. बिस्किटाच्या डब्यातल्या मालाने कोणकोणत्या हॉस्पिटलचं पाणी सुरू झालं ते आठवेल तेवढं सांगितलं. तिघांपैकी एकाने ते लिहूनही घेतलं. मग काकांना विचारलं, तुम्ही मुद्दाम नोंद टाळली का? मी डोळ्यांनी खुणावत होते, नाही म्हणा, विसरलो म्हणा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. हो, मुद्दाम टाळली, म्हणाले. लिहिलं असतं तर उरलं नसतं.

चौकशी संपल्यावर मी मॅनेजरच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. त्यांनी मला शब्द दिला की पत्रात फक्त सेवा समाप्त असं लिहितील. ते खोटं बोलत नव्हते असं मला अजून वाटतं. पण पत्रही सिस्टिममधूनच निघायचं. तिथेही कारणांची यादी होती. पत्र काढणाऱ्या बाईंनी सगळी यादी खालीवर करून बघितली आणि त्यातल्या त्यात जवळचं म्हणून निवडलं: कंपनीच्या मालाची चोरी अथवा लपवणूक. मला कळलं तेव्हा पत्र टपालात पडलं होतं. मी त्या बाईंवर केबिनमध्ये ओरडले. त्या घाबरून म्हणाल्या, अगं, तो फॉरमॅट आहे. त्यांच्यावर ओरडायचा मला काय अधिकार होता? त्यांनी एकदाच निवडलं होतं.

डब्यांचं सांगायचं राहिलं. पुन्हा रीतसर मोजणी होऊन ते साठ्यात आले, म्हणजे सगळ्यांना दिसायला लागले. खपणारे नग नेहमीच्या कामांना महिनाभरात लागून गेले. जे पुढच्या तीन वर्षांत हलले नाहीत त्यांना सिस्टिमने न खपणारा माल म्हणून खूण केली आणि ते भंगारात गेले. पुढे कल्याणच्या एका दवाखान्याचा जुना पंप बंद पडला, त्याचं सील आता कोणी बनवत नाही, आणि हेड फिटर सवयीने त्या रॅकपुढे येऊन उभा राहिला. मी पडद्यावर बघितलं. शून्य. अगदी बरोबर आकडा होता.

पत्र गेलं त्याच्यानंतरच्या रविवारी मी काकांच्या गावी गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. रिक्षावाल्याला नाव सांगितलं तर त्याने मागे वळून बघितलं आणि म्हणाला, त्यांच्याकडे चाललाय?

काकींनी पाणी दिलं आणि त्यांच्याकडूनच मला कळलं. पत्र आल्यावर काकांनी ते कोणापासून लपवलं नाही. संध्याकाळी देवळात गावकी बसली होती, तिथे गेले आणि चष्मा लावून स्वतःच वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे म्हणाले. मग भांड्यांच्या खोलीची किल्ली सोडून देवापुढे ठेवली. गाव ती घ्यायला तयार नव्हतं. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, कंपनीचा कागद कंपनीजवळ, आम्ही तुला ओळखतो. काका म्हणाले, कागद खोटा नाही. माल माझ्याकडेच होता. किल्ली त्यांनी परत उचलली नाही.

ते मागच्या पडवीत होते. भांडी बाहेर काढून मांडली होती, उन्हात चकाकून डोळ्यांवर येत होती. दुपारी दुसऱ्या घरातली माणसं ती न्यायला येणार होती. मला बघून ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी आज इतकं लिहीत बसले नसते. त्यांनी एक जुनी वही आणि पेन माझ्यापुढे केलं. म्हणाले, बरं झालं आलीस, माझं अक्षर कोणाला लागत नाही.

वहीत त्यांच्या वडिलांच्या हातची यादी होती. ते एकेक भांडं उचलून सांगायचे, मी खूण करायचे, अगदी स्टोअरमध्ये बसायचो तसंच. परात नऊ, बरोबर. झारे बारा, बरोबर. पिंपं सहा. मोठी पातेली वहीत अठरा होती. मी मोजली तर एकोणीस भरली. पुन्हा मोजली. एकोणीसच.

मी पडवीच्या दारात उभ्या काकींकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, ते ह्यांनीच घेऊन ठेवलंय, कधीचं. एकाच दिवशी दोन घरांत कार्य निघालं तर गरिबाला नाही म्हणावं लागू नये म्हणून. गावाला ठाऊक नाही.

मला जे या सगळ्यात शिकायचं होतं ते मी तेवढ्या वेळात शिकले. मी अठराच्या पुढे खूण केली, वही मिटली, आणि ते एकोणिसावं पातेलं दोन्ही हातांनी उचलून मागे सारलं, पडवीतल्या लाकडांच्या आड. पहिल्यांदाच मी त्यांचं म्हणणं समजून काहीतरी केलं होतं. काकांकडे बघितलं. मला वाटलं, ते हसतील.

ते उठले. लाकडांमागे गेले, पातेलं ओढून परत ओळीत आणून ठेवलं आणि वही उघडून माझ्यापुढे धरली.

"एकोनीस लिव," ते म्हणाले. "आता बाहेर कायपन ठेवायचं नाय."

मी म्हटलं, काका, नको. मी तुमच्या पाया पडते, हे नको.

"लिव बाय. आन् कोनाकडं गावलं, ते पन लिव."

मी अठरावर काट मारली आणि एकोणीस लिहिलं. त्याच्यापुढे त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी वही हातात घेऊन, चष्मा लावून नीट वाचली, आणि बरोबर आहे म्हणाले.